कमावलेलं

एकतीस वर्षं मी त्यांच्या टॅनरीत हिशेब लिहिला.
आधी सालींचा, मग कातड्यांचा, शेवटी मतांचा.
वही तीच. उभ्या रेघा तेवढ्या सरकल्या.

एलिफलेट ऑस्ट्रँडर कॅट्सकिलच्या डोंगरात आले तेव्हा
त्यांच्याजवळ एक हौद होता, साल दळायला एक आंधळी घोडी,
आणि भोवती हेमलॉकचं रान, असं दाट
की भर दुपारी कंदील लागायचा.
मे महिन्यात झाडात रस चढला की साल सुटायची.
आयरिश पोरं ती उतरवायची, झोपलेल्याच्या अंगातला कोट काढावा तशी.
लाकूड कुणालाच नको होतं.
सोललेली खोडं उतारावर पडून राहत,
रात्रीसुद्धा पांढरी दिसत.

कातडी ब्युनोस आयर्सची. हडसनमधून बोटीने वर यायची,
मीठ मुरलेली, कुठे कुठे डागाचे आकडे शाबूत.
चुना, खरवडणं, सालीचं पाणी.
मग थांबायचं.
मालक म्हणायचे, कातडं घाईने कमावलं
की पहिल्याच पावसाळी चिखलात तोंड उघडतं.

टिम गेरेटी चार नंबरच्या हौदात पडला
त्या शरदात ते पहिल्यांदा उभे होते.
बारा वर्षांचं पोर. वर काढलं तेव्हा
डोक्यापासून टाचेपर्यंत चहाच्या रंगाचं.
मालकांनी शवपेटी दिली, आईला गाय दिली,
आणि खड्डा खणायला स्वतः उतरले.
दाखवायला नव्हतं ते. आम्ही दोघंच होतो, आणि पाऊस.
वहीत मी लिहिलं : गाय, एक.
हौद मात्र उपसला नाही.
आत दोनशे कातडी होती, अजून पाच महिन्यांची.

प्रत्येक मतदाराला बुटाचे तळ,
डावा मतदानाआधी, उजवा मोजणीनंतर.
लोक हसले, आणि निवडून दिलं.

ऑल्बनीत गालिचे होते, गॅसचे दिवे होते.
त्यांच्या शेजारची खुर्ची पहिलं वर्षभर रिकामी राहिली.
रात्री खोलीवर ते लिंबाने हात घासायचे,
राखेने, वाळूने,
आणि मी तांब्या धरून उभा.
नखांच्या मुळाशी सगळा डोंगर बसला होता.

अकरा वर्षांत एकदाच बोलले.
खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांचा अर्ज होता :
ट्राउट मेले, गुरं पाण्याला तोंड लावत नाहीत.
मी तीन पानी भाषण लिहून दिलं.
त्यांनी ते खिशात घातलं आणि म्हणाले,
"सात मैलांत नदी आपली आपण धुऊन निघते."
विधेयक दोन मतांनी पडलं.
गेरेटीबाईंचं घर चौथ्या मैलावर होतं.

मग साल संपली.
एक दिवस गाड्या रिकाम्या परतल्या, दुसऱ्या दिवशीही.
हौदांवर फळ्या ठोकल्या, घोडी केव्हाच गेली होती.
मालक सिनेटर राहिले.
त्यांनी खोऱ्यात रेल्वे आणली. वाहून न्यायला काही उरलं नव्हतं,
तर तिने शहरातली माणसं आणली, छत्र्या घेऊन,
"माणसाचा हात न लागलेले" डोंगर बघायला.
उतारांवर तोवर बर्च आलं होतं, काळ्या बेरींच्या जाळ्या.
मी स्टेशनवर उभा राहून मान डोलावली.

ते गेले तेव्हा अंत्यसंस्कारवाल्याने
हातांना तीनदा पावडर लावली. तीनदा खालचा रंग वर आला.
कॉर्नेलियाबाई म्हणाल्या, हातमोजे घाला.
न्यूयॉर्कहून मागवलेले होते, करडाच्या कातड्याचे, मऊ,
दुसऱ्याच कुणीतरी कमावलेले.

राज्यपालांचं पत्र वाचून झालं, लोक रांगेने पुढे आले.
गेरेटीबाई शेवटी.
त्या पेटीशी वाकल्या, आणि मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.
त्यांनी हातमोजा अंगठा आणि बोटात धरला,
चिमटीत दाबून पाहिला,
बाजारात पारखतात तसा,
आणि सोडून दिला.